पिठाचे तीन गोळे

माझ्या आवाजाचा दोष माझा नाही. भिवंडीत मी ज्या शाळेत गणित शिकवत होतो, तिच्या मागच्या भिंतीला लागूनच पॉवरलूमचा कारखाना होता. सकाळच्या शिफ्टला लूम सुरू झाले की शेवटच्या बाकापर्यंत भूमिती पोचवायला ओरडावंच लागे. शाळा सुटल्यावर निजामपुऱ्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत यावं, तर तिथेही खालच्या मजल्यावर लूमच. अशी वीस वर्षं काढल्यावर माणूस चहासुद्धा प्रमेय सिद्ध केल्यासारखा मागतो. बायको म्हणायची, "अहो, मी दोन हातांच्या अंतरावर उभी आहे, मला ऐकू येतं." मला वाटायचं, ती कौतुकाने म्हणते.

आवाजापेक्षा मोठा दोष म्हणजे मी बहुतेक वेळा बरोबर असतो. हा दोष असलेल्या माणसाचं घरात, शाळेत आणि सासुरवाडीला काय होतं, ते सांगायला बसलोय.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. एका जुन्या मासिकात मला एक कोडं सापडलं. तीन बंद दारं आहेत. एकामागे मोटारगाडी, बाकी दोन्हींमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, पण उघडत नाही. कुठे काय आहे हे ज्याला माहीत आहे तो यजमान उरलेल्या दोनांतलं बकरीचं दार उघडून दाखवतो आणि विचारतो, "बदलायचंय का?" भलेभले म्हणतात, दोन दारं उरली, संधी अर्धी-अर्धी, बदलून काय फरक पडणार. फरक पडतो. पहिल्यांदा दार निवडताना तुम्ही तीनांत दोनदा चुकलेले असता, आणि चुकलेले असलात तर बदलल्यावर गाडी तुमचीच. म्हणजे बदलणाऱ्याची संधी दुप्पट. हे इतकं सोपं आहे, आणि तरीही कोणाला पटत नाही.

स्टाफरूममध्ये हे मांडल्यावर आठवडाभर तिथे दोन पक्ष पडले. हिंदीचे सर म्हणाले, नशिबात बकरी असेल तर दार बदलून तिची गाडी कशी होईल. पीटीचे सर भिवंडीतच वाढलेले. त्यांना प्रश्न पडला की बकरी ईदच्या तोंडावर धडधाकट बकरी मिळत असेल तर गाडी हवीच कशाला, शिवाय गाडीला पेट्रोल लागतं. मुख्याध्यापकांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत असा निर्णय दिला. याच गुणावर ते मुख्याध्यापक झाले होते. मी सगळ्यांशी भांडलो. चित्रकलेच्या बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. सत्य सांगणाऱ्याला एवढं सोसावं लागतंच, असं मी एकट्याने डबा खाताना स्वतःला सांगत असे.

ते सत्य प्रत्यक्षात वापरायची संधी मला सासुरवाडीने दिली.

बायकोचं माहेर वळ गावात. तिथे भाताच्या शेतांत गोडाऊन उभी राहायला लागली होती. ज्या जमिनीत तोवर भात आणि डास यांखेरीज काही पिकलं नव्हतं, तिच्यासमोर रोज एखादी पांढरी गाडी थांबायची आणि आतला माणूस काच खाली करून भाव विचारायचा. सासऱ्यांनी जाण्याआधी पंचांच्या देखत सांगून ठेवलं होतं की जमिनीचे तीन वाटे करा, दोन पोरांना आणि एक पोरीला. गावाला हे नवीन होतं. बहिणीने साडी घ्यायची, कागदावर सही करायची आणि भाऊबीजेला हसतमुखाने यायचं, अशी तिथली रीत. साडी आणलीही होती. बायकोने ती घेतली नाही. ती एवढंच म्हणाली, "बाबांनी दिलंय ते घेईन."

मापाने तिन्ही तुकडे सारखे होते, पण मापाला कोण विचारतो. एक रस्त्याला लागून. दुसरा नाल्यापलीकडचा, जिथे जायला वाटच नव्हती. तिसरा खाजणातला, खाडीच्या भरतीचं पाणी शिरायचं असा. बायकोला रस्त्याचा तुकडा हवा होता, आणि तो गोडाऊनसाठी नव्हे. तिला तिथे घर बांधायचं होतं. दोन खोल्याच, पण खाली लूम नसलेल्या. आमच्या मुलीला कापसाच्या उडत्या तंतूंनी धाप लागायची. डॉक्टर दर वेळी "जागा बदला" म्हणायचे आणि औषध लिहून द्यायचे. नाल्यापलीकडे घर बांधायचं तर आधी पूल बांधावा लागला असता, आणि खाजणात बांधलं असतं तर भरतीला भांडी तरंगली असती. थोडक्यात, एक तुकडा घर होता आणि दोन बकऱ्या.

त्या घरची वाटणीची रीत अशी. वाट्यांच्या चिठ्ठ्या मोठ्या भावाने लिहायच्या. तांदळाच्या पिठाची उकड काढून त्या चिठ्ठ्या तिच्या गोळ्यांत घालायच्या, म्हणजे घडीवरून ओळखू येत नाहीत. आणि पहिला गोळा सगळ्यात धाकट्याने उचलायचा. लिहिणारा एक आणि उचलणारा दुसरा, त्यामुळे लबाडीला जागा नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. दोघं भाऊ एकत्र राहणारे, त्यांचे दोन वाटेही एकत्रच राहायचे होते. म्हणजे धाकटी म्हणून बायकोने एक गोळा उचलायचा आणि उरलेले दोन भावांचे. भावांच्या वतीने सगळा कारभार मोठ्याचा. त्यांना मीही दादाच म्हणायचो. अंगाने आडवे, बोलायला गोड, आणि गोळे वळण्यात एखाद्या सुगरणीने शिकून घ्यावं असा हात.

रविवारी सकाळी अंगणात चाळीसेक माणसं जमली. त्यांत पाच पंच होते, बाकीची चहाला आली होती. पितळी ताटात तीन पांढरे गोळे. बायकोने मधला उचलला आणि मुठीत धरून ती उंबऱ्याजवळ जाऊन बसली. आता गोळे फोडायचे आणि कागद वाचायचे, एवढंच उरलं होतं. दादांनी ताटातल्या दोन गोळ्यांवरून नजर फिरवली, त्यातला एक उचलला, फोडला आणि चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. खाजण.

"आमच्या नशिबान खाजन हाय," ते म्हणाले. चेहराही तसा केला. मग बहिणीकडे वळले. "बाय, आजून येक गोळा माझे ताटान हाय. तुला वाटलं तं बदल. मागून म्हनू नको, मोठ्या भावानं फसवला."

तीन दारं. एक निवडलेलं. ज्याला ठाऊक आहे त्याने बकरीचं दार उघडलेलं. आणि वर तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत. मी सतरंजीवरून उठलो आणि शाळेच्या आवाजात म्हणालो, "बदल." पलीकडच्या आळीतली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली.

मग जे झालं ते स्टाफरूममध्ये झालं होतं तेच, फक्त माणसं जास्त आणि चहा बरा. एक पंच म्हणाले, "दोन गोळं उरलं. आर्धा-आर्धा. बदलून काय व्हनार हाय?" मी समजावलं. समजा तीन नाही, शंभर गोळे आहेत. तुम्ही एक उचललात आणि दादांनी बाकीच्यांतले अठ्ठ्याण्णव रिकामे फोडून दाखवले. आता कोणता घ्याल? मागून कोणीतरी विचारलं, "शंभर गोळ्यांना पीठ कोन देनार?" त्यावर लोक इतके हसले की माझा निष्कर्ष वाहून गेला. तरी हळूहळू अंगणात फूट पडली. तरुण मंडळी बदलण्याच्या बाजूला आली, बहुधा काहीतरी घडावं म्हणून. बायका ठामपणे न बदलण्याच्या. हातात आलेलं परत ताटात टाकायचं हे त्यांना बघवत नव्हतं. एका जोडप्यात तिथेच वाजलं आणि ते आपापल्या बाजूला जाऊन बसलं.

बायकोचे मामा कोपऱ्यात होते. जन्मभर भिवंडीच्या बाजारात भाजी विकलेला माणूस. ते म्हणाले, "मास्तर, बाजारान तीन पत्त्यांचा खेल लावतात ना. तो पत्तेवाला गिऱ्हाइकाला 'बदल' कवा म्हनतो? गिऱ्हाइकाचा पत्ता बरोबर आसतो तवाच ना?"

"मामा," मी म्हणालो, "तो जुगार आहे. हे गणित आहे."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं.

तेवढ्यात एक शिकलेला पंच निघाला. त्याने विचारलं, "मास्तर, तुमचं गणित खरं ठरायला दादांना ठाऊक पाहिजे ना, कुठल्या गोळ्यात काय आहे ते?" प्रश्न अचूक होता. विद्यार्थी असता तर मी त्याच्या पाठीवर थाप मारली असती. मी म्हणालो, "अर्थात. दादांना ठाऊक आहे. त्यांनीच वळलेत." हे बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी चाळीस माणसांत मेव्हण्याला लबाड ठरवलंय. दादा रागावतील, उठून जातील, ताट लाथाडतील, असं सगळ्यांना वाटलं. दादा नुसते हसले. "मास्तर म्हनतात तं आसल ठाऊक," ते म्हणाले. "मंग? बदलायचा का?"

कोणीही शहाणा माणूस इथे थबकला असता. मी मात्र याला गणिताचा विजय समजलो.

पंच लगेच म्हणाला, "ठाऊक असेल तर हे रद्द करा. नवे गोळे दुसऱ्या कोणीतरी वळा, पुन्हा उचलू दे तिला." त्या सकाळी त्या अंगणात याहून शहाणं कोणी काही बोललं नाही. आणि तो सल्ला हाणून पाडला तो मी. माझा हिशोब सरळ होता. नव्याने उचललं तर बायकोची संधी तीनांत एक. आत्ता नुसतं बदललं तर तीनांत दोन. हातची दुप्पट संधी सोडून परत पहिल्या पायरीवर कशाला जायचं? मी पंचाला हे पटवून दिलं. तो बिचारा पटवून घेऊन खाली बसला. दादांनी माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला.

आता सगळे बायकोकडे बघत होते. ती उंबऱ्याजवळ तशीच, मूठ मांडीवर ठेवून बसली होती. तिने एकदा दादांकडे पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे. मी धीर देणारी मान हलवली, परीक्षेआधी विद्यार्थ्यांना देतो तशी. ती उठली, मुठीतला गोळा ताटात ठेवला आणि दुसरा उचलला.

तो फोडला. नाला.

दादांनी तिचा सोडलेला गोळा फोडला आणि कागद न वाचताच पंचांच्या हातात दिला. रस्ता.

मी ताबडतोब सांगितलं की निर्णय बरोबर होता, फक्त निकाल चुकला. तीनांत एकदा असं होतंच. गणित जाणणाऱ्याने निकालावरून निर्णयाची परीक्षा करू नये. ज्यांनी "ठेव" म्हटलं होतं त्या बायकांना मी बजावलं की तुम्ही जिंकला असलात तरी चुकीच्या कारणाने. त्यांनी तोंडाला पदर लावला. दादांनी बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नाल्यावरून फळी टाकून देतो गो तुला." घरी येताना रिक्षात मी बायकोला सगळं पुन्हा एकदा समजावलं. ती "हो" म्हणाली. तिच्या बोटांच्या बेचक्यांत सुकलेलं पीठ होतं, ते ती नखाने काढत होती.

मला चैन पडेना. माझी चूक झाली असं वाटत होतं म्हणून नव्हे, तर लोकांना तसं वाटत होतं म्हणून. मी शाळेत खडूचे तीन खोके घेतले, एकात रंगीत खडू घातला आणि नववीच्या वर्गाकडून तीनशे वेळा खेळ खेळवून घेतला. यजमान अर्थात मीच. बदलणारे तीनांत जवळजवळ दोनदा जिंकले. वही घेऊन मी जवळजवळ पळतच घरी आलो. बायको मुलीला वाफ देत होती. मुलीच्या डोक्यावरून टॉवेल, आतून तिची ती शिट्टी वाजल्यासारखी धाप. मी वही पुढे धरली आणि म्हणालो, "बघ. मी बरोबर होतो."

"हो," बायको म्हणाली. "जरा ते पातेलं धरा."

अशी सहा वर्षं गेली. नाल्यापलीकडच्या तुकड्यावर गवत वाढलं. नाल्यावर फळी कधी आलीच नाही. आम्ही निजामपुऱ्याजवळच राहिलो. मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हाच तिची धाप थांबली. पाहुणे आले, लग्नात कोणी भेटलं, विषय कसाही निघाला, तरी मी तीन दारांवर यायचोच. नंतर नंतर तर विषय मीच काढायचो. बायको अशा वेळी आत चहा टाकायला जायची.

मग रस्त्याच्या त्या तुकड्यावर दादांचे गाळे उभे राहिले आणि पूजेचं आमंत्रण आलं. गेलो. न जाऊन करतो काय. जेवणावळ उठल्यावर नव्याकोऱ्या शटरच्या सावलीत दादा आणि मी खुर्च्या टाकून बसलो. त्यांनी सुपारी कातरली, मला दिली. मन भरलेला माणूस जसा बोलतो तसे, काही न लपवता ते म्हणाले, "मास्तर, तुमी त्या दिशी लय बोललाव. पन येक गोष्ट इचारली न्हाय."

"कोणती?"

"बायच्या मुठीन नाला आसता, तं मी तिला बदल म्हनलो आसतो का?"

तेवढंच बोलून ते कोणा पाहुण्याला निरोप द्यायला उठले. त्यांना माझा अपमान करायचा नव्हता. उलट, इतक्या वर्षांनी एका हुशार माणसाला एक हुशारीची गोष्ट सांगावी, असा त्यांचा भाव होता.

मी तिथेच बसून कोडं पुन्हा मांडलं. माझ्या कोड्यातला यजमान दर वेळी विचारतो. गाडी तुमच्याकडे असो की बकरी, तो विचारतोच, आणि म्हणूनच बदलणं फायद्याचं. वर्गात तीनशे वेळा मीही दर वेळी विचारलं होतं. दादा फक्त तेव्हाच विचारणार होते, जेव्हा रस्ता तिच्या मुठीत असेल. म्हणजे त्यांनी तोंड उघडलं त्या क्षणी संधी तीनांत दोन नव्हती, अर्धीही नव्हती. बदलणाऱ्याची संधी शून्य होती. भाजी विकणाऱ्या मामांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मी त्यांना गणित शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, दादांचं वाक्य, मामांचं वाक्य, शून्य. मला राग आला होता, आणि तो तिलाही यावा असं वाटत होतं. "त्यांनी फसवलं तुला," मी म्हणालो. "तुझ्याकडे रस्ता होता म्हणूनच विचारलं त्यांनी."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला म्हणायचंय की पुढे कधीतरी कळलं. "कधी कळलं?"

"तेव्हाच. दादा लहानपणापासून तसाच. त्याच्या वाट्याला गोड आंबा आला की तो गुपचूप खाऊन मोकळा व्हायचा. माझा गोड निघाला की मगच म्हणायचा, बाय, बदलतेस का." तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्याने विचारलं तेव्हाच मला कळलं, रस्ता माझ्याकडे आलाय."

"मग बदललास कशाला?"

"तुम्ही उभे राहिला होतात. माझा सगळा गाव बघत होता. मी नाही म्हटलं असतं तर त्या अंगणात तुमचं काय राहिलं असतं?"

पोरीची धाप, पातेलं, वही, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मला लाज वाटली, इतकी की तिच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मला सांगायचं तरी होतंस नंतर."

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "वाटायचं, कधीतरी विचारतील. पण तुम्ही सांगतच राहिलात."

त्या दिवशी अंगणात चाळीस माणसं होती. प्रत्येकाचं म्हणणं मी ऐकलं होतं, ते खोडून काढायला का होईना. गोळा जिच्या मुठीत होता, तिला काय वाटतं हे मी विचारलंच नव्हतं.